साठेखत रजिस्टर झालं, पण जमीन अजून तुमची नाही

पहिल्यांदाच जमिनीत पैसे गुंतवलेला माणूस आनंदानं सांगतो, 'घेतली जमीन, रजिस्टर साठेखत केलं.' हे ऐकलं की मला धडकी भरते. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार; जमीन घेतलेली नाही, घ्यायचं ठरलंय.

खरेदीखत बहुतेकांना माहीत असतं. लिहून देणार मोबदल्यापोटी आपला हक्क लिहून घेणाराच्या नावे करतो, दुय्यम निबंधकापुढे सह्या-अंगठे होतात, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) निघते, पुढे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद.

साठेखत दिसायला हुबेहूब तसंच. तोच गट नंबर, त्याच चतुःसीमा, तसेच साक्षीदार, तोच शिक्का. पण खरेदीखतात मालक 'विकली' म्हणतो आणि साठेखतात 'विकीन' म्हणतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधलं कलम 54 याबाबत अगदी स्पष्ट आहे: विक्रीच्या नुसत्या करारानं मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही.

'पण आम्ही ते रजिस्टर केलंय!' सगळे अडखळतात ते इथे. निबंधकानं जो दस्त समोर आला तोच नोंदवला. करार नोंदवला की तो नोंदवलेला करार होतो, त्याचं खरेदीखत होत नाही. मग नोंदणीचा उपयोग काय? खूप आहे, आणि म्हणूनच नोटरीवर भागवणाऱ्यांचा मला राग येतो. समजा, तुमच्याशी साठेखत करून मालकानं तीच जमीन तिसऱ्याला खरेदीखतानं विकली. मालकी त्या तिसऱ्याकडे गेली. तुमचं साठेखत आधीच नोंदवलेलं असेल, तर 'मला माहीत नव्हतं' असं त्याला म्हणता येत नाही, कारण नोंदणी म्हणजे कायद्यानं दिलेली सूचनाच. तुम्ही त्याच्याविरुद्धही करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याचा, दावा लावू शकता. साठेखत नुसतं नोटरीचं असेल आणि त्यानं पूर्ण किंमत देऊन, काहीही ठाऊक नसताना जमीन घेतली असेल, तर ती परत मिळणं जवळपास संपलं. उरतो तो पैशांसाठीचा झगडा.

करारपूर्तीचा दावाही आपोआप जिंकता येत नाही. उरलेले पैसे द्यायला मी कायम तयार होतो आणि देऊ शकत होतो, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. त्यात मुदत 3 वर्षांची: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळल्यापासून. साठेखत कपाटात ठेवून भाव वाढायची वाट बघत बसलेली माणसं इथेच बुडतात.

ताबा मिळाला म्हणजे काम झालं, हाही समज सोडा. करारानुसार ताबा घेतला असेल, तर त्याच अधिनियमाचं कलम 53-अ मालकाला तुम्हाला हुसकावण्यापासून रोखतं, आणि 2001 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीही साठेखत नोंदवलेलंच लागतं. पण ती ढाल आहे, तिच्यातून मालकी मिळत नाही. ताबा देणाऱ्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून 'स्टॅम्प पूर्ण भरला, आता मालक मीच' असं लोक धरून चालतात. तो स्टॅम्प पुढच्या खरेदीखतात वळता होतो, एवढंच. सोबत कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) जोडूनही फरक पडत नाही. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय की अशा कागदांनी मालकी जात नाही.

हा गोंधळ बहुधा फ्लॅटमुळे आला असावा. बिल्डरकडून फ्लॅट घेताना बहुतेकांच्या हातात एकच नोंदवलेला विक्रीकरार येतो आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी नावे करून देणारा दस्त, पुढे सोसायटीच्या नावे व्हायचं असतं. बिल्डरनं टाळाटाळ केली तर त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून घेण्याची, वेगळी सोय आहे. तो अनुभव घेऊन माणूस जमीन घ्यायला जातो आणि तिथेही एका दस्तात काम संपलं असं समजतो.

साठेखत करूच नका, असं मी म्हणत नाही. वर्ग 2 च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीला परवानगी यायची आहे, कर्ज मंजूर व्हायचंय, मोजणी बाकी आहे, अशा वेळी तेच योग्य. पण परवानगी कुणी आणायची, कधीपर्यंत, नाही आली तर इसाराचं काय, हे त्यातच लिहा. 'सवडीने खरेदीखत करून देईन' हे वाक्य मी कुणालाही ठेवू देत नाही, तिथे तारीखच हवी. आणि रकमेचा मोठा भाग खरेदीखताच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयातच द्या. नव्वद टक्के रक्कम आधीच मिळालेल्या मालकाला पुन्हा तिथे यायची कसलीच घाई नसते.