अमेरिकेत दारू ‘पिण्यावर’ बंदी कधीच नव्हती

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारू पिणे गुन्हा होता, हा समज चुकीचा आहे. अठराव्या घटनादुरुस्तीने बंदी घातली ती दारू बनवणे, विकणे, वाहून नेणे आणि आयात-निर्यात यांवर. पिण्याचा त्यात उल्लेखच नाही. दुरुस्ती मंजूर झाली जानेवारी १९१९ मध्ये, लागू झाली वर्षाने, १७ जानेवारी १९२० ला. तेवढ्यात पैसेवाल्यांनी तळघरे भरून घेतली. घरातला हा साठा स्वतःसाठी आणि पाहुण्यांसाठी पूर्ण कायदेशीर! डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे सुमारे ४७० मिलिलिटर, व्हिस्की मिळे. अर्ध्या टक्क्याहून कमी अल्कोहोलची बिअरही चाले. आपला गोंधळ बहुधा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे होतो. त्यात विनापरवाना पिणे हाच गुन्हा आहे.