उताऱ्यावर नाव कुणाचं? सीमाभागातल्या छोट्या शेतकऱ्याची पार्श्वभूमी

बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूरचं शिवार पसरलंय. भाताची धूळवाफ पेरणी पावसाआधी उरकायची, सुगी झाली की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा, मोहरी टाकायची. दुसऱ्या पिकाला पाण्याची पाळी नाही, आणि कडधान्यामुळे जमिनीला नत्र परत मिळतं. सेंद्रिय शेतीच्या योजना निघाल्या त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच चाललंय. तरीही या योजनांच्या लाभार्थ्यांत असा दीड-दोन एकरवाला कमीच दिसतो. त्याचं कारण शेतीच्या पद्धतीत शोधून सापडायचं नाही. ते कागदात आहे, आणि कागदाची गोष्ट १९५६ पासून सुरू होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, मुंबई राज्यात कृषक दिन उजाडला आणि १९४८ च्या कूळ कायद्याखालची कुळं जमिनीची मालक ठरू लागली. इकडच्या कुळांचं घोडं मात्र अडलं. म्हैसूरचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, अंमल १९६५ पासून, आणि कुळांच्या ताब्यातली जमीन खऱ्या अर्थाने सरकारजमा होऊन त्यांच्या नावावर करण्याची तरतूद आली १ मार्च १९७४ ला. मालकी मागणारा नमुना सातचा अर्ज भरून जमीन न्यायाधिकरणापुढे उभं राहिलेली पिढी आता थकली किंवा गेली. त्यांच्या नावावर झालेली चार एकर जमीन घरच्या वाटण्यांत गुंठ्यांवर आली. वाटण्या बहुतेक तोंडी. भावाभावांनी बांध घातले, पण उताऱ्यावर नाव आजोबांचंच राहिलं.

२००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात कर्नाटकाने उतारे संगणकावर घेतले. काम देशात नावाजलं गेलं आणि ते रास्तच होतं, तलाठ्याच्या दप्तरामागे फिरणं कमी झालं. पण जुनी चूकही संगणकावर चढली. त्यात उतारा कन्नडमध्ये. मराठीत शिकलेला शेतकरी स्वतःच्या नावातली चूक दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय ओळखत नाही. मराठीतून कागदपत्रं द्या, ही सीमाभागातली जुनी मागणी सभा-मोर्चांत गाजते ती अस्मितेची म्हणून. माझ्या मते ती आधी शेतीची मागणी आहे.

पतपुरवठ्याच्या बाबतीत हा भाग मागे नव्हता. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आल्यावर देशातली पहिली कृषी पतसंस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. आज गावोगावची पीकेपीएस, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्था, हा त्याच वेलाचा विस्तार. तिच्यामार्फत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी मिळायचं, २०२३ मध्ये ही मर्यादा ५ लाखांवर नेली. आकडा मोठा, पण कर्ज मंजूर होतं ते एकरावर आणि पिकावर. दोन एकरवाल्याला पाच लाखांची मर्यादा वाढली काय न वाढली काय! शिवाय उसाला एकरी कर्ज जास्त, मसुरा-नाचणीला कमी. मग साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात बागायतीचा ओढा उसाकडे गेला तर नवल नाही.

सेंद्रिय शेतीचा विचार इथे आला तो आंदोलनांच्या वाटेने. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, अडवली जाते सौंदत्तीजवळ नवलतीर्थला. तिच्या लाभक्षेत्रात पाणी धड न पोचताच कर आला म्हणून १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदला शेतकरी उठले, गोळीबार झाला, आणि त्या लाटेवर कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. पुढच्याच वर्षी निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले. ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. निपाणीची मागणी भावाची होती, नरगुंदची कराविरुद्धची. खर्चच कमी करायचा हा मुद्दा ऐरणीवर आला तो नंतर. त्यात एक गंमत आहे. सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातले, पण त्यांची नैसर्गिक शेती कर्नाटकात रुजवली रयत संघाने. म्हणजे विदर्भातलं मराठी ज्ञान बेळगावच्या मराठी शिवारात बरंचसं कन्नड शिबिरांतून आलं. जीवामृताची, म्हणजे या शेतीतल्या घरगुती द्रवखताची, कृती आता पाठ आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं, की एकराचं काम झालं. अडचण एकच, दावणीला जनावर हवं, आणि गोठे ओस पडत चाललेत.

सरकारी बाजूने कर्नाटकाने २००४ मध्येच सेंद्रिय शेतीचं धोरण आणलं, त्यानंतर २०१५ मध्ये केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली. तिच्यात गट करायचा, साधारण २० हेक्टरचा, आणि शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून प्रमाणपत्र घ्यायचं. कल्पना छोट्यांसाठी चांगली, कारण खासगी प्रमाणपत्राचा खर्च त्यांना झेपत नाही. पण २० हेक्टर जमवायला गुंठेवाले कितीतरी लागतात, आणि प्रत्येकाचा उतारा स्वच्छ हवा. सल्ल्याला धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे, मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, होबळीला, म्हणजे महसुली मंडळाला, रयत संपर्क केंद्र आहे. धारवाडजवळच्या मुगद केंद्राने सुवासिक भाताचं 'मुगद सुगंधा' वाण दिलं. माणसं मदत करतात, पुस्तिका मात्र कन्नड. मग वाचायला 'ॲग्रोवन' हे मराठी शेती दैनिक, विचारायला हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचे पाव्हणे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना आरोग्य योजना लागू केली, पण शेतीच्या योजना जमिनीला बांधलेल्या, त्या हद्द ओलांडत नाहीत.

बाजार ओलांडतो. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, पश्चिम भागातली रताळी उत्तरेत पोचतात. प्रमाणपत्रापेक्षा पणजी-मडगावचं ओळखीचं गिऱ्हाईक छोट्याला लवकर पैसे देतं, असं मला वाटतं.

हे सगळं जमीन राहिली तर. बळ्ळारी नाल्याचा पूर दर पावसाळ्यात भातात शिरतो, हलगा-मच्छे बायपास सुपीक शिवारातून गेला. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ, ७९-ब ही कलमं निघाली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. शहरालगतचा तुकडा विकायचा मोह तेव्हापासून वाढलाय.

आता अनुदान, बियाणं, पीक नुकसानीची भरपाई, सगळ्याला 'फ्रूट्स' या कर्नाटकाच्या शेतकरी नोंदणी प्रणालीचा एफआयडी (शेतकरी ओळख) क्रमांक लागतो, आणि तो उताऱ्यावरच्या नावाला जोडलेला असतो. त्यामुळे कसणाऱ्याचं पहिलं काम नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात, वारसा नोंद करून घेण्याचं. आजोबांचा मृत्यू दाखला, वंशावळ आणि सगळ्या भावा-बहिणींची संमती लागते. यातला शेवटचा कागद मिळवायला सर्वांत जास्त वेळ जातो.