स्टेनलेसचा बोल्ट जास्त मजबूत नसतो

गंजत नाही म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट मजबूतही असणार, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि ब्रेक कॅलिपरला (चाकाची डिस्क दाबून गाडी थांबवणाऱ्या भागाला) तर धोक्याचं.

साध्या पोलादी बोल्टच्या डोक्यावरचे आकडे, म्हणजे त्याची ग्रेड, वाचा. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे बोल्ट सुमारे ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणला जातो. १०.९ साठी हेच १००० आणि ९००. बाजारातला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस मात्र ४५० लाच ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट पकड सोडतो. शिवाय आवळताना स्टेनलेसचे आटे जाम होतात, ते वेगळंच.

नंबरप्लेटला खुशाल लावा. कॅलिपर, सस्पेन्शन, सीटबेल्टला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच घ्या. डोकं कोरं असेल तर दुकानदाराला परत करा.