ईद-उल्-फित्र

मुस्लिमांच्या दोन प्रमुख सणांपैकी एक. रमजानचे रोजे पूर्ण झाल्यावर शव्वाल या हिजरी (इस्लामी चांद्र) कालगणनेतील दहाव्या महिन्याच्या १ तारखेस तो येतो. ‘फित्र’ म्हणजे उपवास सोडणे. मराठीत ‘रमजान ईद’ हे नाव रूढ आहे.

‘ईद’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. अरबी कोशकार तो ‘परतणे’ या अर्थाच्या धातूपासून साधतात : दरवर्षी परतून येणारा तो दिवस. आधुनिक भाषाभ्यासकांपैकी अनेक जण मात्र तो अरमाइक-सिरियाक या पश्चिम आशियातील ख्रिस्ती लोकांच्याही वापरातील प्राचीन भाषेतून आल्याचे मानतात. कुराणात हा शब्द एकदाच (सूरा ५, आयत ११४) येतो आणि तोही ईसांनी (येशूंनी) स्वर्गातून अन्नाचे ताट मागितले त्या प्रसंगी. हा ख्रिस्ती संदर्भ पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मदीनेचे लोक वर्षातून दोन दिवस खेळ-उत्सव करीत. त्यांऐवजी अल्लाहने अधिक चांगले दोन दिवस दिले, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस (पैगंबरांच्या उक्ति-कृतींचे परंपरागत कथन) त्यांचे सेवक अनस इब्न मालिक यांच्या नावे आहे. उत्तरकालीन भाष्यकारांनी ते जुने दिवस नौरोज व मेहरगान हे इराणी सण ठरविले. मूळ हदीसमध्ये मात्र त्यांची नावे नाहीत. म्हणून हे समीकरण जपूनच स्वीकारावे. रोजे हिजरी २ मध्ये अनिवार्य झाले. पहिली ईद परंपरेनुसार त्याच वर्षी, बद्रच्या लढाईनंतर काही दिवसांनी, म्हणजे सु. मार्च ६२४ मध्ये झाली.

२९ व्या रोज्याच्या सायंकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, एरवी ३० रोजे पूर्ण करावयाचे. एका ठिकाणचे चंद्रदर्शन दुसरीकडे लागू पडते काय, हा प्रश्न जुना आहे. सिरियात एक दिवस आधी चंद्र दिसल्याचे कुरैब यांनी मदीनेत सांगितले, तेव्हा पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांनी ते मानले नाही. शाफई या सुन्नी विधिपंथाच्या विधिज्ञांचा स्थानिक दर्शनाचा आग्रह याच कथनावर उभा आहे. हनफी या दुसऱ्या सुन्नी विधिपंथाचे प्रचलित मत त्याविरुद्ध आहे. तुर्कस्तानात तारीख खगोलगणिताने ठरते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असल्याने सण सर्व ऋतूंतून फिरतो; २००० साली तो जानेवारीत व डिसेंबरात असा दोनदा आला.

ईदची नमाज दोन रकातींची (नमाजेच्या आवर्तनांची) असते. तिला अजान नसते आणि खुत्बा (प्रवचन) नमाजेनंतर होतो. जादा तकबिरी (‘अल्लाहु अकबर’चे उच्चार) हनफींत सहा, तर शाफईंत बारा. स्नान, उत्तम वस्त्रे, निघण्यापूर्वी विषम संख्येने खजूर खाणे या गोष्टी सुन्नत (पैगंबरांचा अनुकरणीय परिपाठ) मानल्या जातात.

नमाजेपूर्वी सदका-ए-फित्र (ईदचे दान) देणे आवश्यक असते, जेणेकरून त्या दिवशी गरिबावर मागण्याची वेळ येऊ नये. घरातील प्रत्येक व्यक्तीमागे, अगदी तान्ह्या मुलामागेही, एक साअ (धान्य मोजण्याचे जुने अरबी माप) खजूर किंवा जव द्यावेत. साअचे माप मदीनेत सव्वापाच रतलांहून (रतल हे जुने वजन) किंचित अधिक, तर इराकमध्ये आठ रतल धरीत. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांचे शिष्य अबू यूसुफ यांनी मदीनेतील प्रत्यक्ष मापे पाहून आपले मत बदलले, असे सांगतात. रोख रक्कम हनफींना मान्य आहे. इतर पंथांचा कल धान्याकडे आहे.

ईदच्या दिवशी रोजा निषिद्ध आहे. त्यानंतर शव्वालमध्ये सहा ऐच्छिक रोजे ठेवतात; मालिकी विधिपंथाचे प्रवर्तक इमाम मालिक यांना ते पसंत नव्हते.