फॉलिक ॲसिडचं मूळ परळमध्ये

मुंबईत बाईला दिवस गेले की नाव नोंदवायच्या पहिल्याच खेपेला डॉक्टर फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी लिहून देतात. त्या गोळीची वाट आपल्या परळमधून गेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जीवनसत्त्वासाठीचा ‘व्हिटामिन’ हा शब्द पोलिश जीवरसायनशास्त्रज्ञ काझिमीर फुंक यांनी 1912 मध्ये आणला. काही आजार जंतूंनी नव्हे, तर अन्नात काही कमी पडल्याने होतात, हे तेव्हा कुठे पटू लागलं होतं. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा पंडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या आकाराने भलत्याच मोठ्या दिसायच्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी त्याचा माग काढला. संसर्ग तपासला, त्यात कारण मिळेना. मग त्यांनी या बायका जेवतात काय, ते पाहिलं. भाजीपाला, फळं, प्रथिनं, सगळ्याचीच वानवा. रोग्याच्या ताटाकडे असं बघणं मला या संशोधनातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

उपाय निघाला अगदी स्वस्त. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनणारं मार्माइट. माकडांवर गुण आला, पुढे आजारी बायकांनाही. 1931 मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधलं नेमकं काय गुण देतं, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

1991 मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत जन्मदोष असलेल्या बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे जीवनसत्त्व घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष पुन्हा येण्याचा धोका सुमारे 72 टक्क्यांनी घटतो. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी (आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर सांगतील ती जास्त मात्रा) मूल हवं असं ठरवल्यावर, निदान महिनाभर आधी सुरू करायची असते. नाव नोंदवायला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलेल्या बाईच्या हाती ती पडते, तेव्हा ती नळी मिटून गेलेली असते.