सायटेशन स्टाईल कुठली वापरायची: कुणाला कुठली लागू होते, कुठे तपासायचं, काय माहिती जमवायची

थीसिस किंवा पेपर लिहायला घेतला की संदर्भ द्यायला एपीए वापरू का एमएलए (दोन्ही संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती, म्हणजेच सायटेशन स्टाईल), हा प्रश्न येतोच आणि लोक मग सगळ्यात चांगली स्टाईल कुठली ते नेटवर शोधत बसतात. तसं काही नसतं हो. स्टाईल बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही, ज्यांच्याकडे लिखाण जमा करायचंय ते ठरवतात, म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा.

जर्नलला पाठवायचं असेल तर त्यांच्या साईटवर लेखकांसाठी सूचनांचं पान असतं, तिथे रेफरन्सचा भाग वाचा आणि त्याच जर्नलमधले एक-दोन ताजे पेपर उघडून शेवटची यादी बघा, कारण बरीच जर्नल्स नाव एपीएचं घेतात पण त्यात स्वतःचे बदल करतात. थीसिस असेल तर डिपार्टमेंटची नियमावली आधी, त्यात काही नसेल तर गाईडना विचारायचं, शक्यतो ईमेलवर, म्हणजे नंतर वाद नको. तिथेही "कुठलीही चालेल" असं उत्तर आलं तरच विषयाकडे बघायचं.

विषयाचं साधारण असं आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, बरीचशी सामाजिक शास्त्रं यांना एपीए. भाषा-साहित्याला एमएलए. इतिहासवाल्यांना शिकागो, पण शिकागोत दोन पद्धती आहेत, एक तळटीपांची आणि दुसरी लेखक-वर्ष अशी, त्यामुळे कुणी नुसतं "शिकागो" म्हणालं तर कुठली ते लगेच विचारून घ्या. विद्यार्थ्यांसाठी तिचंच सोपं रूप तुराबियन. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरला आयट्रिपलई, चौकोनी कंसात नंबर टाकायचे. मेडिकलला व्हँकुव्हर किंवा एएमए. कायद्याचं देशाप्रमाणे बदलतं, अमेरिकेत ब्लूबुक, ब्रिटनमध्ये ऑस्कोला. हार्वर्डचा मात्र घोळ आहे, तिचं एकच असं अधिकृत मॅन्युअल नाहीच, प्रत्येक युनिव्हर्सिटीची हार्वर्ड थोडी वेगळी, म्हणून तुमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने जे पान दिलंय तेच धरून चला.

स्टाईल कळली की एडिशन बघायची, आणि इथेच बरेच जण अडकतात. एपीएची सध्याची सातवी, 2019 च्या शेवटी आली. सहावीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव लिहायला लागायचं, सातवीत ते काढून टाकलं. तीन किंवा जास्त लेखक असतील तर आता मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि पुढे एट अल (म्हणजे 'आणि इतर'), यादीत मात्र 20 लेखकांपर्यंत सगळी नावं. जुन्या सीनियरचा थीसिस समोर ठेवून कॉपी केलं की सहावी आणि सातवी हमखास मिक्स होते. एमएलएची नववी 2021 ची, शिकागोची अठरावी 2024 ची.

मॅन्युअल विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. एपीएच्या साईटवर भरपूर नमुने फुकट आहेत, आयट्रिपलईची रेफरन्स गाईड फुकट मिळते, व्हँकुव्हरसाठी अमेरिकेच्या मेडिकल लायब्ररीचं सायटिंग मेडिसिन ऑनलाईन वाचता येतं. पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आऊल साईटही चांगली आहे. शिकागोच्या ऑनलाईन मॅन्युअलला वर्गणी लागते, लायब्ररीकडून अॅक्सेस मिळतोय का ते विचारा.

आता कागदपत्रं म्हणा हवं तर, म्हणजे प्रत्येक सोर्सची नोंद. लेखकांची पूर्ण नावं, वर्ष, शीर्षक हे सगळीकडे लागतं. जर्नलच्या लेखाला त्यावर व्हॉल्यूम, अंक, पानं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाईन ओळख क्रमांक). संपादित पुस्तकातलं प्रकरण असेल तर संपादकाचं नाव आणि प्रकरणाची पानं, हे हटकून राहतं. वेबपेजला लिंक आणि तुम्ही ते कधी बघितलं ती तारीख, सगळ्या स्टाईलना लागत नाही पण लिहून ठेवा. आणि शब्दशः उतारा घेतला तर पान नंबर त्याच क्षणी टिपा, पुस्तक लायब्ररीत परत गेल्यावर तो शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

झोटेरो किंवा मेंडेली ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्टाईल एका क्लिकवर बदलते, झोटेरोत तर हजारो स्टाईल्स आहेत, फक्त आत भरलेली माहिती चुकीची असेल तर बाहेरही चुकीचीच येणार. आपोआप ओढून घेतलेल्या नोंदींत शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, लेखकाचं नाव-आडनाव उलटं पडतं, ते हातानेच नीट करावं लागतं. काही जर्नल्स पहिल्या सबमिशनला कुठलाही फॉरमॅट चालवून घेतात, फक्त शेवटपर्यंत एकच पाहिजे, त्यांची नेमकी स्टाईल पेपर स्वीकारायच्या वेळी मागतात, तेव्हा हे सूचनांच्या पानावर आधीच बघून घेतलं तर उगाच दोनदा काम होत नाही.