टॅमियाचं ॲक्रिलिक आणि व्हॅलेहोचं ॲक्रिलिक: नाव एक, रंग दोन

"कपात रंग टाकला आणि त्याचं दही झालं, बाटली खराब निघाली का?" प्लास्टिकची मॉडेलं रंगवणाऱ्यांचा हा प्रश्न मी आजवर किती वेळा वाचलाय त्याची गणतीच नाही. बाटली खराब नसते हो. दोन वेगळ्या जातीचे रंग एका कपात गेलेले असतात, नाहीतर एकाचा थिनर (रंग पातळ करायचं द्रव) दुसऱ्यात पडलेला असतो, आणि दोन्ही बाटल्यांवर "ॲक्रिलिक" लिहिलेलं असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मॉडेल किटच्या डब्यावर दाखवलेलीच रंगांची स्कीम करणाऱ्यांचं निभावून जातं, एकाच कंपनीच्या चार बाटल्या आणल्या की काम झालं. स्वतःच्या मनाची स्कीम करायची म्हटलं की शेड मिक्स करावीच लागते आणि तिथेच हा घोळ बाहेर येतो.

टॅमिया ही मॉडेलच्या रंगांची कंपनी तुम्हाला माहितीच आहे. एक्सएफ म्हणजे मॅट, एक्स म्हणजे ग्लॉस, एक्स-२०ए थिनर, एअरब्रशमधून (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) सुरेख बसतो. पुढे जाऊ.

आता मुख्य गोष्ट, आणि ही एकच नीट लक्षात ठेवा. टॅमियात रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा भाग, अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं असतं, साखर पाण्यात विरघळते तसं. व्हॅलेहो कंपनीच्या रंगासारख्या पाण्याच्या रंगात ते विरघळलेलं नसतंच, बारीक बारीक कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश तरंगतो तसे. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि थर तयार होतो. आता दुधात लिंबू पिळलं तर काय होईल? पाण्याच्या रंगात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा लॅकर थिनर घातला की अगदी तेच होतं, कण एकमेकांना घट्ट धरतात आणि कपात रबरासारखा गोळा उरतो, आणि एकदा फाटला की तो रंग गेला, मग पाणी घाला नाहीतर काहीही घाला. उलट बाजूनं टॅमियात पाणी घातलं तर तो फाटत नाही, पण प्लास्टिकवर थेंब थेंब होऊन बसतो, म्हणून मी घालत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा ठरवलं की १/७२ मापाचं एक मिग मॉडेल आपल्या आवडीच्या रंगात करायचं: वरून मोरपंखी, पोट फिकट राखाडी, नाकाचा कोन जांभळा. मोरपंखीसाठी एक्सएफ-८ निळा आणि एक्सएफ-५ हिरवा घेतला, पांढरा संपला होता म्हणून ड्रॉपरच्या बाटलीतला पाण्याचा पांढरा चार थेंब घातला. ढवळताना काडीला रव्यासारखे दाणे लागायला लागले, तरी मी तो रंग एअरब्रशमध्ये ओतला आणि ०.३ च्या नोझलमधून एक पंख रंगवून होईपर्यंत सगळं बंद, पुढचे दोन तास नोझल साफ करण्यात गेले.

धुतानासुद्धा तेच. पाण्याचा रंग वापरल्यावर कपात थेट अल्कोहोल ओतू नका, आधी भरपूर पाणी, मग क्लीनर. आणि कृपा करून हँड सॅनिटायझर थिनर म्हणून वापरू नका, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं, थर चिकट राहतो.

सगळ्यात फसवं नाव मिस्टर हॉबी या ब्रँडच्या "अॅक्वियस" मालिकेचं. नावावरून पाण्याचा वाटतो, पण वागतो टॅमियासारखा, अल्कोहोल चालतं, टॅमियात मिसळतोही. त्यामुळे नाव वाचून ठरवू नका, बाटलीच्या झाकणात एक थेंब रंग आणि दोन थेंब आयपीए घालून काडीनं ढवळा, गुळगुळीत राहिला तर टॅमियाच्या घरातला, दाणे आले तर पाण्याचा.

बाकी फरक किरकोळ. वास टॅमियाला जास्त, पण मास्क दोन्हीला हवाच, फवारा फुप्फुसात जायला नको. एक मात्र किरकोळ नाही: मास्किंग, म्हणजे रंग नको तो भाग टेपनं झाकणं. तीन-चार रंगांच्या स्कीममध्ये टेप पुन्हा पुन्हा लागते, आणि पाण्याचा रंग प्रायमरशिवाय प्लास्टिकला घट्ट धरत नाही, टेप ओढली की सालपटासारखा निघतो. म्हणून विमानाच्या अंगाला मी टॅमियाच लावतो, यात तडजोड नाही. कॉकपिट, सीटचे पट्टे, पायलटचा चेहरा हे ब्रशचं काम व्हॅलेहोनं, कारण टॅमिया ब्रशनं लावला की दुसरा हात पहिल्याला उचकटतो.

आणि पाण्याच्या रंगात शेड बनवत असाल तर ओला रंग बघून पास करू नका, ओला असताना तो दुधट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. प्लास्टिकच्या चमच्यावर एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, किती थेंब कशाचे ते चमच्याच्या दांड्यावर मार्करनं लिहा. माझ्या मोरपंखीचा चमचा अजून ड्रॉवरमध्ये आहे, ६ निळा, ३ हिरवा, २ पांढरा, तिन्ही एक्सएफ.